प्लॅन वाढवू नका, एक्स्टेंडरही आणू नका. आधी मोजून बघा

प्रश्न: रावेतला नवीन टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतलाय. हॉलमध्ये नेट छान चालतं, पण आतल्या बेडरूममध्ये ५-७ एमबीपीएसच्या वर जात नाही. मिस्टर तिथूनच ऑफिसचं काम करतात, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. रात्री आठ ते दहा तर फारच वाईट. हेल्पलाइनवाले ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतात, नाहीतर २०० चा प्लॅन घ्या म्हणतात. दुकानदार म्हणतो एक्स्टेंडर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा, लावा. यातलं काय करू?

उत्तर:

ताई, दोन्ही नको. निदान आज तरी नको.

तुमच्याच प्रश्नात एक खूण दडलेली आहे. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला ३-४ एमबीपीएस पुरतात. बेडरूममध्ये ५-७ मिळतायत, तरी आवाज तुटतोय. म्हणजे वेग कमी असणं हा मूळ आजार नाही. मीटिंगला लागतं ते सातत्य. दर सेकंदाला थोडं थोडं, पण न चुकता पोचलं पाहिजे. तुमच्याकडे मध्येच दोन सेकंद काहीच येत नाही आणि मग एकदम सगळं येतं. प्लॅन २०० चा केलात तर हॉलमधला आकडा वाढेल, बेडरूममधला आवाज तसाच तुटत राहील.

मी नाशिकमध्ये गेली सोळा वर्षं घरांत आणि छोट्या ऑफिसांत नेटवर्क बसवण्याचं काम करतो. सुरुवातीला तक्रार आली की मी आधी राउटर बदलायला सांगायचो. एका शिक्षक जोडप्याला असाच चार हजारांचा राउटर घ्यायला लावला आणि महिन्याभराने कळलं, दोष वायरच्या टोकात होता. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, पण मला ते अजून लागतं. तेव्हापासून मोजल्याशिवाय कुणाला काही विकत घ्यायला सांगत नाही.

नेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येताना चार टप्पे पार करतं: कंपनीकडून घरापर्यंतची लाइन, घरातला डबा म्हणजे राउटर, राउटर ते लॅपटॉप ही मधली हवा, आणि स्वतः लॅपटॉप. स्पीड टेस्टचा आकडा या चारांची मिळून बेरीज-वजाबाकी दाखवतो. नेमका कुठला टप्पा आजारी आहे ते त्यातून कळत नाही, म्हणून हेल्पलाइनवाला तुमच्यावर ढकलतो आणि तुम्ही त्याच्यावर. दोन चाचण्यांत याचा निकाल लागतो.

पहिली चाचणी वायरची. राउटरच्या मागे ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टमधून केबल थेट लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे विसरू नका, नाहीतर लॅपटॉप हवेतूनच घेत राहतो आणि तुम्हाला वाटतं वायरवर मोजलं. नव्या लॅपटॉपना लॅन पोर्ट नसतो, त्यासाठी यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो, ऑफिसमधून दोन दिवसांसाठी मागून आणा. टेस्ट एकाच साइटवर करू नका. नेहमीच्या स्पीड टेस्टमध्ये आपोआप निवडलेला सर्व्हर बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो, तिथे आकडा गोंडस येतो. फास्ट डॉट कॉमवरही मोजा, ती टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. सकाळी सातला एकदा, रात्री नऊला एकदा, असं तीन-चार दिवस. आकडे नुसते लक्षात ठेवू नका, कागदावर तारखेसकट लिहा.

वायरवर सकाळी ९०-९५ आणि रात्रीही तेवढेच येत असतील, तर कंपनी निर्दोष आहे. रात्री वायरवरच २०-२५ पर्यंत घसरत असेल, तर दोष त्यांच्या बाजूला आहे: त्या भागातल्या ग्राहकांना मिळून जेवढी बँडविड्थ पुढे घेतलेली असते ती संध्याकाळी कमी पडते. मग तुमच्या घरात काहीही बदलून उपयोग नाही. तो कागद आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘चार दिवस रात्री नऊला वायरवर २२, सकाळी सातला ९४’ याला मिळतं.

दुसरी चाचणी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तिला एक पैसा लागत नाही. बेडरूममध्ये, मिस्टर बसतात त्याच टेबलावर, विंडोजच्या लॅपटॉपमध्ये सीएमडी, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा. पिंग, मग जागा सोडून राउटरचा पत्ता, मग जागा सोडून डॅश टी असं इंग्रजीत टाइप करा. राउटरचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तशा धर्तीचा. एंटर मारलं की दर सेकंदाला एक ओळ उमटत जाते आणि प्रत्येक ओळीत मिलिसेकंद असतात. अशीच दुसरी खिडकी उघडून ८.८.८.८ ला पिंग लावा, तो गूगलचा सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून मीटिंग चालू असताना बघत राहा.

राउटरला केलेलं पिंग घराबाहेर पडतच नाही. ते लॅपटॉपपासून हॉलमधल्या डब्यापर्यंत जाऊन परत येतं. ते २, ३, ५, २ असं चालायला हवं. तिथेच १८०, ४, ६४०, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसू लागलं तर बिघाड घराच्या हवेतच आहे, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. उलट राउटरची खिडकी शांत आणि फक्त ८.८.८.८ ची खिडकी उसळ्या मारतेय, तर दोष राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये किंवा तिच्यावर पडलेल्या भारात आहे. एवढ्या दोन खिडक्यांनी मी कितीतरी घरांतले वाद मिटवलेत.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज हवेचा आहे आणि त्यातही भिंतींचा. रावेत, वाकड, ताथवडे या पट्ट्यातले बरेच नवे टॉवर मायव्हन पद्धतीने बांधलेले आहेत. त्यात ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. आतली भिंत विटांची नसते, सळईची जाळी घातलेलं सलग काँक्रीट असतं. खिळा ठोकायला गेलात तर ड्रिलशिवाय जात नाही, हीच तिची ओळख. जुन्या इमारतीतली साडेचार इंची विटांची भिंत वायफायला बऱ्यापैकी वाट देते. काँक्रीटच्या एका भिंतीत १५-२० डेसिबल सहज खर्च होतात आणि अशा दोन भिंती ओलांडल्या की वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वेगवान पण कमी पोचणारा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ संपतो. कोकणातल्या जाड चिऱ्याच्या घरांत आणि जुन्या दगडी वाड्यांतही हाच त्रास होतो.

फोनवर वायफाय ॲनालायझर धर्तीचं एखादं फुकट ॲप घ्या आणि घरभर फिरा. सिग्नलच्या ताकदीचे आकडे उणे असतात, डीबीएम या एककात. राउटरपाशी उणे ४० च्या आसपास दिसेल. उणे ६५ पर्यंत मीटिंग निर्धास्त चालते. उणे ७५ च्या पुढे आवाज तुटणारच. हे आकडे गुणाकाराने चालतात: दर १० ने उतरलं की ताकद दहापट कमी. उणे ४० वरून उणे ७० म्हणजे हजारपट कमी. त्यामुळे राउटर नुसता दोन फूट सरकवल्याने एखादं लोखंडी कपाट वाटेतून हटलं, तरी मोठा फरक पडतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: राउटर आहे कुठे? बहुतेक घरांत तो मुख्य दाराच्या वर, चपलांच्या रॅकशेजारी किंवा टीव्ही युनिटच्या कप्प्यात असतो. फायबरवाल्याची वायर तिथवर पुरली म्हणून तिथे. घराच्या एका टोकाला राउटर असला की निम्मं वायफाय जिन्यात आणि शेजाऱ्यांकडे जातं. त्याला कप्प्यातून बाहेर काढा, टीव्हीच्या मागून हटवा, पाच-सहा फूट उंचीवर मोकळ्यात ठेवा, शक्यतो बेडरूमचं दार उघडल्यावर सरळ दिसेल अशा जागी. लाट दारातून जाऊ शकली तर भिंत आडवी येत नाही. अँटेना उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाभोवती लाट मेदूवड्याच्या आकाराने आडवी पसरते आणि टोकाच्या दिशेने, म्हणजे वर-खाली, जवळपास काहीच जात नाही. तुमचं घर एकाच मजल्यावर आहे, तुम्हाला आडवाच पसारा हवा. आरसा, फ्रिज, फिश टँक वाटेत असतील तर तेही बघा, पाणी ही लाट पिऊन टाकतं.

जागा बदलताना फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर स्वतः ओढू नका. आत काच असते. दाराच्या बिजागरीत किंवा कोपऱ्यात तिला तीक्ष्ण घडी पडली की प्रकाश गळतो. लाइन पूर्ण बंद पडली तर डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा तरी दिसतो. अर्धवट गळती असली की दिवा हिरवाच राहतो आणि नेट मात्र धडपडत चालतं, ही जास्त फसवी. तंत्रज्ञ आला की त्याला ‘पॉवर किती येतेय’, म्हणजे फायबरमधून प्रकाश किती पोचतोय, एवढं विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आत असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेली असेल तर त्याने जोड नीट केल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. पावसाळ्यात गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरून हे हमखास होतं.

आता रात्री आठ ते दहाबद्दल. वायरवर रात्रीही ९४ येत असूनही हवेत घसरत असेल, तर आजूबाजूच्या घरांचा गलका आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली आणखी, त्यात प्रत्येकाचा टीव्ही, कॅमेरा, गीझरचा प्लगसुद्धा वायफायवर. ॲपमध्ये बघितलंत तर २५-३० नावं एकाच चॅनेलवर गर्दी करून बसलेली दिसतील. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन लावला की आणखी भर, तो साधारण २४५० मेगाहर्ट्झवरच, म्हणजे याच पट्ट्याच्या मधोमध चालतो.

वायफाय म्हणजे वाडीतला एकच सार्वजनिक नळ समजा. एका वेळी एकाचीच कळशी भरते. मागच्या खोलीतला जुना फोन, ज्याला सिग्नल जेमतेम मिळतो, तो अरुंद तोंडाची बाटली घेऊन नळाखाली बसतो. त्याला पाणी थोडंच हवं असतं, पण वेळ फार लागतो आणि मोठे हंडे घेतलेले मागे ताटकळतात. म्हणून एखादा लांबचा कॅमेरा किंवा कोपऱ्यातला जुना टॅब अख्ख्या घराचं वायफाय मंद करू शकतो. त्याने डेटा किती खाल्ला यापेक्षा त्याने हवेचा किती वेळ घेतला हे महत्त्वाचं.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० ठेवली तर जास्त वेग मिळेल असं वाटतं, गर्दीच्या इमारतीत उलटं होतं. चॅनेल १, ६, ११ पैकी ज्यावर जोरकस शेजारी सगळ्यात कमी आहेत ते द्या, आणि ३ किंवा ८ असं अधलंमधलं देऊ नका, त्याने दोन्हीकडचा त्रास ओढवतो. दोन पट्ट्यांची नावं वेगवेगळी ठेवा, उदाहरणार्थ घर आणि घर-५जी. लॅपटॉप, टीव्ही, चांगले फोन ५ वर बांधा. कॅमेरा, प्लग, जुनं सामान २.४ वर राहू द्या. एकच नाव असलं की लॅपटॉप बऱ्याचदा दूरवर पोचणारा २.४ धरून बसतो आणि राउटरशेजारी येऊनही तो सोडत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती मी फार पाहिली आहे. मागच्या हिवाळ्यात एका घरी गेलो, तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी, रात्रीच मीटिंग तुटायची. पिंग लावून बसलो. पावणेनऊपर्यंत ८.८.८.८ ला ७-८ मिलिसेकंद. मग एकदम ४००, ६००, ९००. घरात काय बदललं? मुलगी लग्नाहून परत आली होती. तिच्या फोनमध्ये हजारभर फोटो आणि व्हिडिओ होते, फोन चार्जिंगला लावला आणि बॅकअप आपोआप सुरू झाला. अपलोडची वाट भरून गेली की राउटर डेटाची पाकिटं रांगेत धरून ठेवतो आणि मीटिंगचा आवाजही त्याच रांगेत उभा राहतो. फोन बाजूला नेऊन वायफाय बंद केलं, अर्ध्या मिनिटात पिंग ८ वर. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारे कॅमेरे हेच रोज करतात. तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती आहे ते बघा, काहींत तो डाउनलोडइतकाच असतो, काहींत फार कमी. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणाला किती वाट द्यायची ते ठरवण्याची सोय, असेल तर एकूण अपलोड मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५-९० टक्के ठेवा. नसेल तर बॅकअप मध्यरात्रीनंतर होईल असं करा.

हे सगळं करूनही टेबलावर उणे ७५ च दिसत असेल, तर भिंत जिंकली. तेव्हा खर्च करा, पण एक्स्टेंडरवर नको. साधा एक्स्टेंडर ज्या रेडिओने ऐकतो त्याच रेडिओने पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि विलंब वाढतो. शिवाय लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर, जिथे अजून उणे ६० मिळतंय तिथे.

खरा उपाय म्हणजे वायर. आणि इथे तुमचं नशीब चांगलं असू शकतं. बिल्डरने बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो. ती प्लेट दोन स्क्रू काढून उघडा. आत प्लॅस्टिकचा पाइप असतो, तो हॉलकडे नाहीतर शाफ्टमधल्या बॉक्सकडे जातो. इलेक्ट्रिशियनकडे स्प्रिंग असते, तिच्याने त्याच पाइपातून कॅट ६ केबल ओढता येते, भिंत फोडायची गरज नाही. विजेच्या वायरी असलेल्या पाइपातून मात्र ओढू देऊ नका. केबल शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त केबल वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, बाजारात तिला सीसीए म्हणतात, ती वाकवताना तुटते.

टोकं क्रिंप झाल्यावर स्वतः एकदा बघा. कनेक्टर क्लिप खाली करून धरला की डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दिसला पाहिजे. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० एमबीपीएस फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर चालतं. त्या शिक्षकांच्या घरी ३०० चा प्लॅन होता आणि वायरवर कायम ९४. केबल गॅलरीच्या सरकत्या खिडकीच्या चॅनेलमध्ये दबली होती, निळी तार आतून तुटलेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. टोक सहा इंच कापून पुन्हा क्रिंप केलं आणि आकडा २९० वर गेला. पुढेमागे प्लॅन वाढवलात आणि ९४ वरच अडकलात, तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा.

केबलच्या बेडरूमच्या टोकाला तुमचा एखादा जुना राउटरही चालेल, कपाटात पडलेला असेल तर काढा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड हॉलसारखाच पण चॅनेल वेगळं द्या आणि केबल त्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये न लावता ‘लॅन’ पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर घरात पत्ते वाटत बसतात आणि कुणाचंच नेट धड चालत नाही. मेश, म्हणजे एकाच जाळ्यासारखे चालणारे दोन-तीन डबे, घ्यायचा असेल तर तोही याच केबलवर जोडा, हवेतून जोडलेल्या मेशला तुमची काँक्रीटची भिंत तितकीच आडवी येते.

बाकी किरकोळ. रोज राउटर बंद-चालू करावा लागत असेल तर अडॅप्टर संशयित आहे. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर जुना झाला की भार वाढल्यावर व्होल्टेज टाकतो, राउटर मध्येच रीस्टार्ट होतो आणि घरच्यांना वाटतं नेट गेलं. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा लावून बघा. राउटर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका, एप्रिलमध्ये दोघंही तापतात. महिनाअखेरीसच मंद होत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा बघा, ‘अनलिमिटेड’मध्येही ती असते, बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी. डाउनलोड नीट होतं पण प्रत्येक पान उघडायला वेळ लागतो, असं असेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा.

आता मला तीन गोष्टी कळवा: रात्री नऊला वायरवरचा आकडा, मिस्टरांच्या टेबलावरचा डीबीएम, आणि बेडरूममधल्या टेलिफोनच्या प्लेटमागे पाइप दिसतो का. पाइप असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी त्यात स्प्रिंग किती आत जाते ते बघायला सांगा. मध्ये अडली तर किती फुटांवर अडली तेही लिहा, म्हणजे टीव्हीच्या पाइपातून न्यायची की छतालगतच्या पट्टीतून, ते तुमच्या फ्लॅटचा नकाशा पाहून सांगतो.